पिस्तुलाची कुंडली : क्रमांक १६८८९६ आणि ओळख पटवण्याचे शास्त्र

१/
इंदूरला सीमा सुरक्षा दलाचे एक प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथे शस्त्रांचे एक संग्रहालय आहे. त्यात अनेक वर्षे एक लहानसे अमेरिकी पिस्तूल इतर शस्त्रांच्या रांगेत मांडलेले होते. गंज चढू नये म्हणून त्याला काळा रंग दिलेला होता. येणारे-जाणारे पाहत आणि पुढे सरकत. २०१६ मध्ये एका पत्रकाराच्या पाठपुराव्यामुळे तो रंग खरवडला गेला आणि खालून सहा आकडे उघडे झाले : १६८८९६. लाहोरच्या सॉण्डर्स खटल्याच्या कागदपत्रांत भगतसिंगांच्या पिस्तुलाचा म्हणून नोंदलेला क्रमांक हाच होता.

२/
या दीर्घ धाग्यात आपण एक प्रश्न घेणार आहोत. जुने अर्धस्वयंचलित पिस्तूल समोर आले, तर त्याची ओळख कशी पटवायची आणि त्याचे मोल कसे ठरवायचे? हा प्रश्न वस्तुतः तीन प्रश्नांचा आहे. हे पिस्तूल कोणत्या प्रकारचे आहे? त्या प्रकारातील हा नेमका नग कोणता? आणि हा नग कोणाकोणाच्या हातांतून येथवर आला? पहिल्याचे उत्तर धातूवर सापडते, दुसऱ्याचे क्रमांकात आणि तिसऱ्याचे केवळ कागदपत्रांत. तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली, तरच ओळख पटली असे म्हणता येते.

३/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या नळकांड्यात असतात आणि ते नळकांडे माणसाच्या बोटाच्या जोरावर फिरते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटताना निर्माण होणारी मागची धडकच यंत्रणा मागे ढकलते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढचे आत घेते. चाप मात्र प्रत्येक वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून ‘अर्ध’. धूर न करणारी दारू १८८० च्या दशकात आली आणि ही कल्पना व्यवहारात उतरली. जुन्या काळ्या दारूची राख असल्या नाजूक यंत्रणेला चिकटून बसली असती.

४/
या घराण्याचा एक आद्यपुरुष म्हणजे ह्यूगो बोर्खार्ट यांचे १८९३ चे पिस्तूल. माणसाच्या गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा आणि मुठीत बसणारे आठ काडतुसांचे मॅगझीन अशी त्याची रचना होती. एकूण सुमारे ३००० नगच निघाले. प्रारंभीच्या सुमारे ११०० नगांवर बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीचे नाव आढळते, नंतरच्यांवर तिच्या उत्तराधिकारी डीडब्ल्यूएम कंपनीचे. पिस्तूल तेच, पण वर कोरलेले नाव कोणते, यावर संग्राहक तासन्‌तास बोलतात. त्याच्या खटाटोपी आकारातूनच पुढे गेऑर्ग लुगर यांनी सुटसुटीत लुगर पिस्तूल घडवले.

५/
ओळखीतील पहिला सापळा नावाचा असतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या हाती वीस पिस्तुले पाठवली होती, त्यांच्याशी या प्रकरणाचा संबंध जोडला गेला. आपल्या पुस्तकांत या शस्त्रांचा उल्लेख ‘ब्राउनिंग’ असा येतो. वाचक समाधानाने पुढे जातो. परंतु ‘ब्राउनिंग’ म्हणजे नेमके काय?

६/
जॉन ब्राउनिंग हे अमेरिकेतील यूटा प्रांताचे कल्पक शस्त्ररचनाकार. त्यांच्या पिस्तुलांचे उत्पादन युरोपात बेल्जियममधील हेर्स्टालच्या एफएन कारखान्यात होई, तर अमेरिकेत हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात. युरोपीय नग ‘ब्राउनिंग’ म्हणून विकले जात आणि अमेरिकी नग ‘कोल्ट’ म्हणून. १९०९ पर्यंत एफएनची १९००, १९०३ आणि १९०६ अशी तीन भिन्न पिस्तुले बाजारात होती. काडतुसे वेगळी, आकार वेगळे. म्हणजे ‘ब्राउनिंग’ हा शब्द घराण्याचे नाव सांगतो, व्यक्तीचे नाही. केवळ ‘भोसले’ म्हटल्याने शहाजीराजे की व्यंकोजी हे जसे कळत नाही, तसेच.

७/
म्हणून सुरुवात नावाने न करता शरीरयष्टीने करावी. मॅगझीन कोठे आहे : मुठीत, की चापाच्या पुढे? घोडा बाहेर दिसतो, की आत दडलेला आहे? मागे सरकणारा भाग पूर्ण नळी झाकतो, की नळी उघडी राहते? एफएनच्या १९०० च्या नमुन्यात स्प्रिंग नळीच्या वर असल्यामुळे समोरून पाहता एकावर एक दोन नळ्या असल्यासारखे वाटते. १९१० च्या नमुन्यात तीच स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली आहे, त्यामुळे पुढचा भाग गोल आणि गुळगुळीत आहे. ही एक खूण माहीत असती, तर एका जगप्रसिद्ध पिस्तुलाविषयीचा घोटाळा टळला असता. त्याकडे पुढे येऊ.

८/
दुसरी पायरी कोरीव मजकुराची. येथे नवशिका हमखास फसतो. कोल्टच्या ·३२ बोअरच्या पिस्तुलाच्या स्लाइडवर २० एप्रिल १८९७ आणि २२ डिसेंबर १९०३ अशा तारखा आढळतात. पाहणारा आनंदाने सांगतो, ‘हे १९०३ सालचे आहे.’ पण या पेटंटच्या तारखा आहेत. कल्पनेला संरक्षण केव्हा मिळाले, एवढेच त्या सांगतात. ते पिस्तूल १९०५ चे असू शकते, १९२५ चेही असू शकते. एखाद्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवरील साल पाहून हातातील प्रतीचे मुद्रणवर्ष ठरवण्यासारखी ही चूक आहे.

९/
मग साल कसे काढायचे? क्रमांकावरून आणि रचनेतील बारीक बदलांवरून. कोल्टच्या या नमुन्याला ‘हॅमरलेस’ म्हणतात. वास्तविक त्याला घोडा आहे, तो स्लाइडखाली झाकलेला आहे इतकेच. प्रारंभीच्या नगांची नळी चार इंची होती, पुढे ती पावणेचार इंची झाली. नळीच्या तोंडाशी असलेले वेगळे कडे १९१० च्या सुमारास गाळले गेले. १९२६ नंतर मॅगझीन काढले की चाप चालू नये, अशी सोय आली. तिसऱ्या प्रकारचे क्रमांक सुमारे १ लाख ५ हजारांपासून ४ लाख ६८ हजारांपर्यंत जातात. १६८८९६ हा क्रमांक या पट्ट्यात पडतो. म्हणजे कडे नसलेले, १९१० ते १९२६ या काळातील पिस्तूल.

१०/
एक सावधगिरी येथेच सांगतो. या कोल्टचा क्रमांक फ्रेमच्या डाव्या बाजूस असतो आणि कंपनीचा मजकूर स्लाइडवर. हे दोन भाग वेगळे करता येतात. त्यामुळे एका पिस्तुलाची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर चढलेली असू शकते. मजकूर एका काळाचा आणि क्रमांक दुसऱ्या काळाचा निघाला, तर तो जोडलेला नग समजावा. लुगरमध्ये लहान लहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सर्व आकडे जुळले तर किंमत चढते, एक जरी भाग परका निघाला तरी ती उतरते.

११/
तिसरी पायरी चाचणीच्या शिक्क्यांची. युरोपात बहुतेक ठिकाणी नळी जास्त दाबाच्या काडतुसाने तपासून तीवर सरकारमान्य शिक्का मारण्याची पद्धत होती. बेल्जियमच्या लिएज शहराचा शिक्का म्हणजे लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरे. १८९३ नंतर त्यावर मुकुट आला. जर्मन शिक्क्यांत मुकुटाखाली अक्षर असे. मुकुटाची जागा गरुडाने घेतली असेल आणि खाली ‘एन’ असेल, तर ती चाचणी १९४० च्या आधीची नव्हे. ‘आजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणले’ अशी कथा असलेल्या पिस्तुलावर हा गरुड बसलेला दिसला, तर कथेला तेथेच रामराम म्हणावा.

१२/
शिक्के प्रवासही सांगतात. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. म्हणून इंग्रजीत ‘जर्मनी’ असे ठोकलेला नग बहुधा अमेरिकी बाजारासाठी निघालेला असतो. ब्रिटनमध्ये १९२५ च्या नियमांनंतर चाचणीस आलेल्या परदेशी शस्त्रांवर ‘इंग्लंडमध्ये बनवलेले नाही’ अशा अर्थाचे शब्द कोरले जाऊ लागले. म्हणजे ते शब्द असलेले पिस्तूल १९२५ नंतर केव्हातरी ब्रिटिश चाचणीगृहात जाऊन आलेले आहे. मोडी सनदेवरील शिक्कामोर्तब वाचणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही : मजकुराइतकेच महत्त्व मोहोर कोठे, कोणाची आणि केव्हाची याला असते.

१३/
हे सर्व नियम एकाच शस्त्रात पाहायचे असतील, तर माउझर सी-९६ घ्यावे. जर्मनीतील नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे फेडर्ले बंधूंनी ते रचले. पेटंट मात्र पॉल माउझर यांच्या नावाने झाले. १८९६ पासून जवळपास चार दशके ते निघत राहिले आणि केवळ जर्मनीत दहा लाखांच्या घरात नग झाले. चापापुढे पेटीसारखे मॅगझीन, केरसुणीच्या मुठीसारखी गोल मूठ आणि लाकडी म्यान. ते म्यान मुठीला मागून जोडले की पिस्तुलाची छोटी बंदूक होते. चर्चिल यांनी १८९८ च्या ओम्दुर्मानच्या लढाईत हेच वापरले होते.

१४/
दहा लाख नग निघालेली वस्तू दुर्मिळ कशी? येथे प्रकार आणि उपप्रकार यांतील भेद कामी येतो. अगदी आरंभीच्या माउझरचा घोडा शंकूसारखा होता. मग मोठ्या कड्याचा घोडा आला, नंतर लहान कड्याचा. काही काळ फ्रेमच्या बाजू सपाट ठेवल्या गेल्या, एरवी त्यांत खोबणी असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नवा खटका आला आणि घोड्याच्या मागे ‘एनएस’ ही जुळवलेली अक्षरे दिसू लागली. ‘नवी सुरक्षा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे. घोडा, बाजू आणि खटका या तीन गोष्टी क्रमांकाच्या पट्ट्याशी जुळल्या पाहिजेत. शंकूचा घोडा आणि लाखांच्या घरातील क्रमांक एकत्र आले, तर काहीतरी बिनसले आहे.

१५/
खरी दुर्मिळता सैन्यांच्या मागणीनुसार निघालेल्या तुकड्यांत आहे. तुर्कस्तानच्या सुलतानासाठी सुमारे १००० माउझर निघाली. त्यांचे क्रमांक अरबी-फारसी आकड्यांत आहेत. इराणसाठीच्या नगांवर सिंह आणि सूर्य आहे. १९१६ मध्ये जर्मन सैन्याने नऊ मिलिमीटर काडतुसाच्या दीड लाख नगांची मागणी नोंदवली. आधीच्या काडतुसाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर नऊचा मोठा आकडा कोरून त्यात तांबडा रंग भरला. आकडा लाकडावर असल्याने तो नंतर कोरणेही सोपे. म्हणून ‘लाल नऊ’ पाहिल्यावर जाणकार आधी नळीचा व्यास मोजतो.

१६/
चीनमध्ये या शस्त्राला त्याच्या लाकडी म्यानामुळे ‘पेटीतली तोफ’ अशा अर्थाचे नाव पडले. शान्शी प्रांताचा सत्ताधीश येन शी-शान याने आपल्या शस्त्रागारात ·४५ बोअरचे मोठे माउझर बनवून घेतले. त्याच्या एका बाजूस ‘नमुना सतरा’ आणि दुसऱ्या बाजूस ‘प्रजासत्ताकाचे अठरावे वर्ष, शान्शी येथे निर्मित’ असा चिनी मजकूर आहे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढणाऱ्या आपल्या वाचकांना पुढचे गणित सोपे आहे : चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे. अठरावे वर्ष म्हणजे १९२९. आता अडचण अशी की ही पिस्तुले पुढे पुन्हा बनवून विकली गेली आणि त्यांवरही तेच वर्ष कोरले गेले. त्यामुळे मूळ नगाची पारख मजकुरावर सोडता येत नाही. धातूवरील कामाची धाटणी आणि वापराच्या खुणा पाहाव्या लागतात.

१७/
नकलांचाही इतिहास असतो. स्पेनच्या गेर्निका शहरातील आस्त्रा ९०० हे बाहेरून हुबेहूब माउझर दिसते, पण त्याच्या फ्रेमची डावी पट्टी सरकवून काढता येते आणि आतली यंत्रणा वेगळी आहे. ते स्वतंत्र, चांगले पिस्तूल आहे. त्याला बनावट म्हणणे अन्याय होईल. पेशावर-कोहाट भागातील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी मात्र हातकानशीने प्रसिद्ध शस्त्रांच्या प्रतिकृती घडवल्या. त्यांचा हात विलक्षण, पण इंग्रजी अक्षरांशी परिचय नाही. उलटे ‘एन’, चुकलेली स्पेलिंगे, वेडेवाकडे शिक्के ही त्यांची ओळख. खोट्या सनदेत फारसी मायना जसा चुकतो, तसे हे आहे.

१८/
आता क्रमांकाचे सामर्थ्य पाहू. २६ ऑगस्ट १९१४, कलकत्ता. रॉडा कंपनी ही शस्त्रविक्रेती पेढी. तिचा एक कारकून, श्रीशचंद्र मित्र, जकात कचेरीतून माल सोडवण्यास गेला. त्याने २०२ खोकी सोडवली. गोदामात पोचली १९२. उरलेली आणतो असे सांगून तो निघाला आणि परतलाच नाही. त्या दहा खोक्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. तीन दिवसांनी पोलिसांत वर्दी गेली. तोवर बैलगाडीतून माल क्रांतिकारकांच्या हाती पडला होता.

१९/
१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात या प्रकरणाचे तपशील आहेत. ५० पैकी ४४ पिस्तुले बंगालमधील नऊ गटांत जवळपास तत्काळ वाटली गेली. दरोडे, खून आणि तसे प्रयत्न मिळून ५४ प्रकरणांत त्यांचा वापर झाल्याचे अहवाल सांगतो. सरकारला हे कसे कळले? प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची यादी रॉडा कंपनीच्या दप्तरी होती. पिस्तूल सापडले की क्रमांक यादीशी ताडून पाहिला जाई. क्रांतिकारकांनी माल पळवला, पण यादी कंपनीच्या दप्तरातच राहिली होती.

२०/
अहवाल लिहिला गेला तोवर ३१ पिस्तुले परत मिळाली होती. म्हणजे १९ बाहेर होती. याचा आजच्या अभ्यासकासाठी अर्थ काय? ‘आमच्याकडे रॉडाचे माउझर होते’ असे कोणी सांगितले, तर ते अशक्य नाही. पण त्या काळी भारतात कायदेशीर मार्गाने आलेली माउझरही पुष्कळ होती. संस्थानिक, गोरे अधिकारी, चहामळेवाले ती विकत घेत. तेव्हा नमुना जुळला, काळ जुळला, गावही जुळले, तरी त्यातून केवळ शक्यता सिद्ध होते. निर्णय क्रमांकच देतो. येथे वंशावळीच्या अभिमानाने पुरावा उभा राहत नाही.

२१/
त्याच १९१४ सालातील दुसरे उदाहरण साऱ्या जगाचे आहे. २८ जून रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या. अनेक पुस्तकांनी लिहिले : शस्त्र ‘ब्राउनिंग १९००’, काडतूस ७·६५ मिलिमीटर. एकाचे वाचून दुसऱ्याने लिहिले आणि चूक रूढ झाली. प्रत्यक्षात ते एफएनचे १९१० चे पिस्तूल होते, नऊ मिलिमीटरच्या आखूड काडतुसाचे, क्रमांक १९०७४. सातव्या भागातील ती गोल नळी आठवा; दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. पण पिस्तूल कोणाच्या समोरच नव्हते.

२२/
ते कोठे होते? युवराजाच्या अंतसमयी धार्मिक विधी करणारे येशूसंघी धर्मगुरू आंटोन पुंटिगाम यांच्याकडे खटल्यानंतर या घटनेच्या काही वस्तू आल्या. त्यांच्या मनात संग्रहालय उभारण्याचे होते; ते साधले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वस्तू ऑस्ट्रियातील येशूसंघाकडे राहिल्या आणि २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाकडे आल्या. नव्वद वर्षांनी क्रमांक आणि खटल्याची नोंद समोरासमोर आली. पिस्तूल कोणाकडून कोणाकडे गेले याची अखंड साखळी असल्यामुळे ही ओळख टिकली. साखळीतील एक कडी गळाली असती, तर शंका कायमची राहिली असती.

२३/
या कसोटीवर पुन्हा १६८८९६ पाहू. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला सॉण्डर्सवर गोळ्या झाडणाऱ्यांत भगतसिंगांबरोबर आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू होते. खेड आज त्यांच्याच नावाने राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. २३ मार्च १९३१ रोजी दोघांनाही सुखदेवांसह फाशी झाली. खटल्याच्या नोंदीत पिस्तुलाचा क्रमांक आला. पुढे ते पंजाबमधील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत होते आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही शस्त्रांबरोबर इंदूरला गेले. प्रत्येक स्थलांतर सरकारी होते, म्हणून प्रत्येकाचा कागद होता.

२४/
मात्र त्या कागदांत ‘भगतसिंगांचे पिस्तूल’ असे कोणी ठळकपणे लिहिले नव्हते. म्हणून ते जवळपास अर्धशतक एक सामान्य जुने कोल्ट म्हणून उभे राहिले. या नमुन्याची पाच लाखांहून अधिक पिस्तुले निघाली. प्रकार म्हणून त्यात दुर्मिळ काहीच नाही. सहा आकडे आणि एक न्यायालयीन नोंद यांची गाठ पडली आणि तीच वस्तू राष्ट्राची ठेव झाली. आज ते पंजाबात हुसैनीवाला येथे आहे, जेथे या तिघांचे अंत्यसंस्कार झाले. भगतसिंगांचे शस्त्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, पण वाचणारा नव्हता.

२५/
आता मोलाकडे वळू. बाजारात जुन्या पिस्तुलाची किंमत साधारणपणे चार गोष्टींवर ठरते. एक, दुर्मिळता : नमुन्याची आणि उपप्रकाराची. दोन, स्थिती : कारखान्यातील मूळ निळसर झिलई किती टक्के उरली आहे, मूळ भाग किती आहेत. तीन, सोबतच्या वस्तू : म्यान, खोके, हत्यारे, पावती. चार, सिद्ध झालेली पूर्वपीठिका. ‘सिद्ध झालेली’ हा शब्द अधोरेखित करावा. संग्राहकांत एक जुनी शिकवण आहे : वस्तू विकत घ्यावी, गोष्ट विकत घेऊ नये. कोल्ट कंपनीच्या अभिलेखागारातून क्रमांकावरून नग केव्हा व कोठे पाठवला गेला याचे पत्र मिळते. ओबर्नडॉर्फचा कारखाना १९४५ नंतर फ्रेंच ताब्यात मोडला गेला आणि त्याची बरीच दप्तरे नष्ट झाली. म्हणून माउझरची पूर्वपीठिका सिद्ध करणे कठीण.

२६/
दुर्मिळतेचे टोक म्हणजे ·४५ बोअरचे लुगर. अमेरिकी सैन्याच्या १९०७ च्या चाचण्यांसाठी ते मोजकेच बनले. सैन्याने अखेर कोल्टचा मार्ग धरला. त्यांतील क्रमांक दोनचा नग २०१० मध्ये लिलावात सुमारे पाच लाख डॉलरना गेला. कायद्याची एक ओळदेखील किंमत हलवू शकते. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे पुराणवस्तू मानली जातात आणि त्यांवर निर्बंध कमी असतात. त्यामुळे शंकूच्या घोड्याचे १८९८ चे माउझर आणि त्याचेच १८९९ चे भावंड यांत संग्राहकाच्या लेखी मोठा फरक पडतो.

२७/
मोल नष्ट करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे साफसफाई. भांडे घासावे तसे पिस्तूल घासले की कोपरे बोथटतात, अक्षरे उथळ होतात, शिक्के पुसट होतात आणि शंभर वर्षांचा साक्षीदार मुका होतो. नव्याने चढवलेली चकाकी बाजारात किंमत निम्म्यावर आणू शकते. अभ्यासकाचे नुकसान त्याहून मोठे असते. इंदूरच्या पिस्तुलावर रंग होता, हे त्यातल्या त्यात सुदैव. रंगाने आकडे झाकले. कानस फिरली असती, तर आकडे गेले असते.

२८/
भारतात हा विषय भाव करण्याचा नाही, कायद्याचा आहे. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणाची परंपरा आणि १९५९ चा शस्त्र कायदा यांमुळे चालू शकणारे कोणतेही पिस्तूल परवान्याविना बाळगणे हा गुन्हा आहे. दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा कालबाह्य व पुराणमूल्याच्या शस्त्रांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. परंतु हातातील वस्तू त्यात बसते की नाही हे आपण घरी ठरवायचे नसते. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वाड्याच्या माळ्यावर असे काही आढळले, तर ते हाताळू नये, उघडून पाहू नये. पोलिसांना कळवावे आणि पुरातत्त्व विभागाचा किंवा संग्रहालयाचा सल्ला घ्यावा.

२९/
आणि तरुण अभ्यासकाने काय करावे? त्याचे काम पिस्तुलाजवळ कमी आणि कागदांजवळ अधिक आहे. खटल्यांच्या नोंदी, पंचनामे, जप्तीच्या याद्या, शस्त्रागारांच्या वह्या यांत क्रमांक दडलेले आहेत. दुसरीकडे संग्रहालयांच्या कपाटांत ‘जुने पिस्तूल, अंदाजे १९००’ अशा पाट्यांखाली नग पडून आहेत. दोन्हीकडची टिपणे एकत्र आणणारा कोणी नाही. जेथे पाहण्याची परवानगी आहे तेथे नमुना, मजकूर, शिक्के आणि पूर्ण क्रमांक ही चार टिपणे घ्यावीत. जेथे खटल्याचे कागद हाती येतात तेथे क्रमांक सोडून पुढे जाऊ नये.

३०/
नाशिकच्या खटल्यातील ब्राउनिंग असोत, रॉडाची उरलेली माउझर असोत, की सशस्त्र लढ्यातील आणखी कितीतरी अनाम शस्त्रे. त्यांतील काही काळाच्या ओघात वितळवली गेली असतील, काही अजून कोठेतरी उभी असतील. त्यांची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन कागद शेजारी ठेवण्याची सवय लागते आणि आकडे न जुळल्यास आवडती कथा सोडून देण्याची तयारी लागते. आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयात पाटी नसलेले असे एखादे शस्त्र तुम्ही पाहिले असेल, तर त्या पाटीवर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, ते खाली अवश्य नोंदवा. पुढचा धागा तेथूनच सुरू करू.